शाळेतून फोन येण्याआधी: मुलांचे आजारपण, अपघात आणि आणीबाणी यांसाठी पालकांची तयारी

प्राथमिक शाळेतल्या मुलाला शाळेच्या वेळेत काही झाले, तर पहिली काही मिनिटे त्याच्याजवळ ना पालक असतात ना डॉक्टर. जवळ असतात ते वर्गशिक्षक, आणि त्यांच्या हाती असते पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला भरून दिलेले माहितीपत्रक. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या औषधाचे नाव सांगता येत नाही, आपल्याला कशाची ॲलर्जी आहे हे घाबरलेल्या अवस्थेत आठवत नाही, आणि कित्येकदा आईवडिलांचा फोन नंबरही पाठ नसतो. त्यामुळे शाळेत ऐन वेळी घ्यावे लागणारे बरेचसे निर्णय प्रत्यक्षात घरी, काही महिने आधी, शांतपणे घेतलेले असतात किंवा घ्यायचे राहून गेलेले असतात. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने त्या घरच्या कामाविषयी आहे.

माहितीपत्रक कसे भरावे

संपर्कासाठी किमान तीन नंबर द्यावेत. पहिले दोन सहसा पालकांचेच असतात. खरा विचार तिसऱ्याचा करावा लागतो. तिथे सर्वांत जिव्हाळ्याच्या नातेवाइकाचे नाव लिहिण्याचा मोह होतो, परंतु ती व्यक्ती दोन तासांच्या अंतरावर राहत असेल तर त्या नंबराचा मुलाला उपयोग नाही. जी व्यक्ती दिवसा फोन उचलते, अर्ध्या तासात शाळेत पोहोचू शकते आणि जिला मूल ओळखते, तिचेच नाव द्यावे. मात्र त्याआधी तिला विचारावे, आणि नाव दिल्याचे तिला कळवावेही. शाळेचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये नावासह साठवून ठेवावा, कारण अनोळखी नंबरवरून आलेला फोन जाहिरातीचा समजून कापला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. नंबर बदलला तर नव्या वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात शाळेला लेखी कळवावे.

आरोग्याच्या रकान्यात केवळ ‘दमा’ किंवा ‘ॲलर्जी’ एवढेच लिहिणे अपुरे असते. ॲलर्जी कशाची आहे, पूर्वी नेमके काय झाले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या की श्वास अडकला होता, आणि त्या वेळी कोणत्या औषधाने आराम पडला, हे लिहावे. मुलाचे वजन आणि ते मोजल्याची तारीख अवश्य नोंदवावी, कारण लहान मुलांच्या बहुतेक औषधांची मात्रा वजनावर ठरते आणि या वयात एका वर्षात वजन लक्षात येण्याइतके बदलते. चालू असलेली औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, चष्मा, श्रवणयंत्र, लसीकरणाची नोंद आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर या गोष्टीही त्याच कागदावर याव्यात.

आणखी एक गोष्ट लिहावी, जिच्यासाठी छापील अर्जात बहुधा जागाच नसते: मूल आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगते. रक्तातील साखर उतरू लागल्यावर एखादे मूल ‘पाय मऊ झाले’ म्हणते, दम लागू लागला की दुसरे ‘पोट दुखतंय’ म्हणते. घरच्यांना त्याचा अर्थ कळतो, पण नव्या शिक्षकांना तो कळण्याचे काही कारण नाही.

आकडी येते, रात्री अंथरूण ओले होते किंवा मनाच्या आजारावर औषध चालू आहे, ही माहिती अनेक कुटुंबे दडवतात. मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाईल अशी भीती त्यामागे असते. ही भीती निराधार नाही. तरी त्यावरचा उपाय माहिती लपवणे हा नसून, ती कोणाकोणाला दिसेल हे शाळेला आधीच विचारून घेणे हा आहे. अंथरूण ओले होते हे दैनंदिन शाळेत कोणालाच कळण्याची गरज नसते. आकडी येते हे मात्र मैदानावर उभ्या असलेल्या खेळाच्या शिक्षकांनाही ठाऊक असावे लागते.

मुलाला शाळेतून कोण नेऊ शकते याची यादी स्वतंत्र असावी. पालक विभक्त असतील आणि ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याची प्रत शाळेत दिलेली असावी. फाटकाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. वैद्यकीय उपचारांच्या संमतीचा कागदही असाच वाचून, समजून घेऊन सही करावा. जीव वाचवण्याचे उपचार सहसा सहीसाठी थांबत नाहीत, पण टाके घालणे किंवा हाड बसवणे यासाठी पालकांची वाट पाहिली जाऊ शकते, आणि तेवढा वेळ मूल वेदना सहन करीत राहते.

सकाळी शाळेत पाठवावे की घरी ठेवावे

शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असेल तर मुलाला घरी ठेवावे. ताप उतरण्याचे औषध न देता २४ तास ताप आला नाही, की मग शाळेत पाठवावे. इथे ‘औषध न देता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सकाळी पॅरासिटामॉल देऊन मुलाला शाळेत पाठवले, तर त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तासांत ओसरतो आणि ताप शाळेच्या भर वेळेत पुन्हा चढतो. तोवर ते मूल चार तास इतरांच्या शेजारी बसलेले असते. नोकरीची रजा मिळणे किती अवघड असते हे मान्य करूनही हे लिहावे लागते, कारण त्या दिवशी दुपारी शाळेतून फोन येतो आणि रजा तर तशीही घ्यावीच लागते. मुलांना ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज कधीही देऊ नये. विषाणूजन्य तापात त्यामुळे राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा, विरळ पण गंभीर विकार होऊ शकतो.

उलट्या किंवा जुलाब झाले असतील, तर शेवटच्या वेळेनंतर किती काळ घरी ठेवायचे याचा नियम कुठे २४ तासांचा तर कुठे ४८ तासांचा असतो. माझ्या मते ४८ तास पाळणेच बरे, कारण नोरोव्हायरससारखे विषाणू मुलाला बरे वाटू लागल्यावरही पसरत राहतात. अशा वेळी अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरवर विसंबू नये. या विषाणूवर त्याचा प्रभाव कमी पडतो, साबण आणि पाण्याने २० सेकंद हात धुणे अधिक उपयोगाचे असते.

संसर्गजन्य आजारांचे दिवस वेगवेगळे आहेत. कांजिण्यांमध्ये सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुरळ आल्यापासून साधारण पाच दिवस किंवा अधिक, मुलाला घरी ठेवावे लागते. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. डांग्या खोकल्यात योग्य प्रतिजैविक सुरू केल्यापासून पाच दिवस. उपचार न घेतल्यास हा काळ तीन आठवड्यांचा होतो. साधी सर्दी, थोडा खोकला आणि वाहते नाक असलेले मूल खेळते-हसते असेल तर त्याला घरी ठेवण्याचे कारण नाही.

उवांच्या बाबतीत विनाकारण गोंधळ होतो. उवा उडत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोके लागल्यानेच त्या प्रामुख्याने पसरतात आणि डोक्यावरून खाली पडल्यावर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत. त्या अस्वच्छतेचे लक्षण नाहीत. त्यासाठी मुलाला शाळेतून तातडीने घरी पाठवण्याची गरज नसते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर औषध लावावे, आणि लिखांतून नव्या उवा निघत असल्यामुळे बहुतेक औषधांच्या बाबतीत सात ते दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे.

आजाराचे नाव शाळेला कळवणे हे केवळ हजेरीपुरते नसते. कांजिण्या आणि गोवर हे पुरळ दिसण्याआधीपासूनच पसरू लागतात. त्याच वर्गात एखाद्या मुलावर कर्करोगाचे उपचार चालू असू शकतात, एखाद्याची आई गरोदर असू शकते. संपर्क आल्याचे त्यांना वेळेत कळले तर डॉक्टर काही प्रतिबंधक उपाय करू शकतात, पण त्या उपायांची मुदत मोजक्याच दिवसांची असते. म्हणून ‘बरे नाही’ असे मोघम न कळवता आजाराचे नाव सांगावे. ते मूल कोणाचे हे इतर पालकांना सांगण्याची मात्र शाळेला काहीच गरज नाही.

शाळेत औषध ठेवायचे असेल तर

दिवसातून तीन वेळा द्यायचे औषध शाळेआधी, शाळेनंतर आणि झोपताना देता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारावे, बरेचदा येते. शाळेत द्यावेच लागत असेल, तर ते मूळ वेष्टनात, मुलाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहून, डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह मोठ्या माणसाने शिक्षकांच्या किंवा शाळेच्या परिचारिकेच्या हाती द्यावे. डब्याच्या पिशवीतून सुट्या गोळ्या पाठवू नयेत. नव्या औषधाची पहिली मात्रा घरीच द्यावी, म्हणजे त्याची काही प्रतिक्रिया आलीच तर ती पालकांसमोर येईल.

तातडीच्या औषधांना मात्र निराळा नियम हवा. इनहेलर, तीव्र ॲलर्जीत द्यायचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन किंवा आकडी थांबवण्याचे औषध कुलूपबंद कपाटात ठेवले आणि किल्ली असलेली व्यक्ती त्या दिवशी रजेवर असली, तर ते औषध शाळेत असून नसल्यासारखे होते. ही औषधे इतर मुलांच्या हाती लागणार नाहीत, पण मोठ्यांना क्षणात काढता येतील अशी असावीत, आणि सहलीला किंवा आगीच्या सरावाला वर्ग बाहेर निघाला की त्यांची पिशवीही बरोबर निघावी. ती कुठे ठेवतात हे पालकांनी स्वतः एकदा पाहून यावे.

दीर्घकालीन आजारांसाठी कृती आराखडा

ज्या मुलाला दमा, तीव्र ॲलर्जी, आकडी किंवा मधुमेह आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांकडून एका पानाचा आराखडा लिहून घ्यावा: कोणती लक्षणे दिसली की काय द्यायचे, किती द्यायचे, किती वेळ थांबायचे आणि रुग्णवाहिका कधी बोलवायची. पान एकच असावे; घाईच्या वेळी दुसरे पान कोणी उलटत नाही.

दम्याच्या झटक्यात मुलाला झोपवू नये, सरळ बसवावे आणि त्याचा तातडीचा इनहेलर स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून), एका वेळी एकच फवारा, असा द्यावा. किती फवाऱ्यांनंतर किती थांबायचे हे आराखड्यात असावे. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, किंवा फवाऱ्यांनी आराम पडत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. छातीतला सूं-सूं आवाज अचानक थांबला आणि मूल मात्र मलूल झाले, तर ते सुधारणेचे नव्हे, धोक्याचे चिन्ह असते. पालकांनी ही गोष्ट शिक्षकांना मुद्दाम सांगावी, कारण ऐकणाऱ्याला ती उलटी वाटते. शाळेत ठेवलेल्या इनहेलरमध्ये किती फवारे उरले आहेत आणि त्याची मुदत कधी संपते, हे दर सहामाहीला पाहावे.

तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत सर्वांत मोठी चूक वाट पाहण्याची होते. श्वास घ्यायला त्रास, आवाज बसणे, जीभ सुजणे, सतत खोकला, चक्कर, एकाएकी गळून जाणे, यांपैकी काही दिसले की ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, गरज पडल्यास कपड्यांवरूनच, ताबडतोब द्यावे. अंगावर गांधी उठल्याच पाहिजेत असे नाही. ॲलर्जीची साधी गोळी किंवा पातळ औषध हा त्याला पर्याय नव्हे. ते खाज कमी करते, श्वासनलिकेवरची सूज वेळेत उतरवत नाही. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवे निजवावे, श्वासाचा त्रास असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये आणि चालवत नेऊ नये. रुग्णवाहिका बोलवावी, आणि पाच मिनिटांत फरक पडला नाही तर उपलब्ध असल्यास दुसरे इंजेक्शन द्यावे. मूल सावरले तरी रुग्णालयात नेणे टाळू नये, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उफाळू शकतात. आपोआप टोचणारी ही इंजेक्शने मुलाच्या वजनानुसार ०.१५ किंवा ०.३ मिलिग्रॅमची येतात, त्यामुळे वाढत्या वयात डॉक्टरांना मात्रेविषयी पुन्हा विचारावे लागते.

आकडी आल्यावर शिक्षकांनी सर्वप्रथम घड्याळ पाहावे. आसपासच्या टणक वस्तू बाजूला सराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, झटके थांबताच मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. नाकाशी काही हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांहून अधिक वेळ आकडी चालली, एकापाठोपाठ दुसरी आली, पोहताना आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर रुग्णवाहिका बोलवावी. नेहमीच्या आकडीनंतर काही वेळ झोप येते. त्या मुलाला पाहायला सगळा वर्ग गोळा होऊ नये, एवढी विनंती पालकांनी आधीच करून ठेवावी.

मधुमेह असलेल्या मुलाची साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, किंवा मोजायला वेळ नसताना ते थरथरू, घामेजू, चिडचिडू लागले, तर लगेच विरघळणारी साखर, साधारण १५ ग्रॅम, देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. लहान मुलाला याहून कमी पुरते का, हे आराखड्यात असावे. अशा मुलाला एकट्याला कार्यालयात पाठवणे ही धोक्याची चूक आहे. मदत त्याच्यापर्यंत आली पाहिजे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

डोक्याचा मार आणि पडलेला दात

खेळताना होणाऱ्या बहुतेक दुखापती साध्या असतात. घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरावा. डोके मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. भाजल्यास २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, बर्फ लावू नये. घशात काही अडकून मुलाला खोकताही येत नसेल, तर पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा आणि मग पोटावर बेंबीच्या वर पाच दाब, असे आलटून पालटून करावे लागते. ही शेवटची गोष्ट वाचून येत नाही. तिचे प्रात्यक्षिक शाळेत ठेवण्याची मागणी पालकांनी अवश्य करावी.

डोक्याला मार लागल्याचे शाळेने कळवले, तर मूल ठीक दिसत असले तरी पुढचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागे करायला अवघड जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे, दोन्ही बाहुल्यांचे आकार वेगळे दिसणे, कानातून किंवा नाकातून पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. मेंदूला हादरा बसल्याचे निदान झाले असेल, तर लक्षणे पूर्ण जाऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत मैदानी खेळ बंद ठेवावेत, आणि हे खेळाच्या शिक्षकांना लेखी द्यावे. मूल स्वतःहून खेळ सोडून बसणार नाही.

दाताची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, आणि ती नेमकी याच वयाची आहे. सहाव्या-सातव्या वर्षापासून पुढचे कायमचे दात येऊ लागतात. असा दात मुळासकट पडला, तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाने धरावे, मुळाला हात लावू नये आणि तो घासू नये. मळला असेल तर दुधात किंवा काही सेकंद पाण्यात हलकेच खळबळून, शक्य असल्यास लगेच हिरडीतल्या त्याच्या जागी बसवावा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात ठेवावा, पाण्यात नाही, आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. पहिल्या काही मिनिटांत बसवलेला दात टिकण्याची शक्यता सर्वाधिक असते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

सगळ्या शाळेवर संकट आले तर

आग, भूकंप, पूर, वायुगळती किंवा आवारात शिरलेला अनोळखी माणूस, यांत शाळेची कृती एकसारखी नसते. आगीत इमारत रिकामी करून ठरलेल्या जागी हजेरी घेतली जाते. भूकंपात हादरे थांबेपर्यंत मुले बाकाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरतात. बाहेर हवा विषारी असेल किंवा आवारात धोका असेल, तर दारे बंद करून आतच थांबतात. घरी बोलताना मुलाला एवढेच सांगावे की त्या वेळी शिक्षक सांगतील ते लगेच करायचे आणि दप्तर घ्यायला मागे फिरायचे नाही. भीतिदायक वर्णनांची गरज नाही.

बातमी कळताच शाळेकडे धाव घेणे ही पालकांची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, आणि नेमकी तीच अडचणीची ठरते: फाटकासमोर गाड्या अडकल्या की अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिका आत येऊ शकत नाहीत. शाळेचा संदेश येईपर्यंत थांबावे आणि संदेशात सांगितलेल्या ठिकाणीच जावे. ते ठिकाण बरेचदा शाळेचे आवार नसतेच. मुलाकडे फोन असला तरी त्याला फोन करू नये, कारण सगळे दिवे मालवून शांत बसलेल्या वर्गात वाजलेली घंटी ते कुठे आहेत हे सांगून टाकते. फोन लागत नसतील तेव्हा लघुसंदेश अनेकदा पोहोचतो, आणि दुसऱ्या गावी राहणारी एक व्यक्ती सर्व कुटुंबाने निरोपासाठी ठरवून ठेवली तर सगळ्यांची खबर एका जागी मिळते.

मूल ताब्यात घेताना ओळखपत्र दाखवावे लागते, यादीत नाव पाहिले जाते आणि सही घेतली जाते. रांग लांबते, राग येतो. तरीही शेजारच्या मुलाला ‘मी घेऊन जातो, त्याच्या आईला मी ओळखतो’ असे म्हणून परस्पर नेऊ नये, कारण त्याची आई येते तेव्हा हजेरीत एक मूल कमी भरते आणि बचाव पथक ज्या इमारतीत कोणीही उरलेले नाही तिथे त्याला शोधायला पुन्हा शिरते.